पेवावरचं झाकण

फार जुनी गोष्ट. काळ्या मातीच्या सपाट मुलखात, नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावाला एक पाटील होता. पाटील मनाचा चांगला, पण भित्रा. आता चांगुलपणा आणि भित्रेपणा एकाच माणसात नांदायला लागले, की गाईच्या गळ्यात दावं पडल्यासारखं होतं. गाय कितीही गुणाची असो, दावं जाऊ देईल तिथपर्यंतच तिचं जाणं.

त्या वर्षी नदीनं काठ खाल्ला. पूर ओसरला तेव्हा सगळ्यांनी देवाला नारळ फोडला, की चला, वाचलो. पण काठाची माती आतून पोखरून गेली होती. ती ढासळायला लागली. आज एकाचं अंगण गेलं, उद्या दुसऱ्याची भिंत. खालच्या आळीत टोपल्या-सुपं विणणारे बुरूड राहायचे, कुंभारांची दोन घरं होती, एक विणकराचं. बघता बघता ती सगळी आळी नदीच्या पोटात गेली. माणसं वाचली, चुली गेल्या.

माणसं मग मिळेल तिथं पसरली. कुणी देवळाच्या ओवरीत, कुणी बाजाराच्या ओट्यावर, कुणी गावकुसाच्या भिंतीला पाठ लावून. गावानं आधी हात आखडला नाही, खोटं कशाला बोला. कुणी भाकरी दिली, कुणी जुनं घोंगडं दिलं. पण भाकरीनं पोट भरतं, डोकं झाकत नाही. घरं बांधायची तर कुठं? गावाभोवतीची उंच जमीन म्हणजे राजाच्या घोड्यांचं कुरण. आणि बांधायची कशानं? रानातलं सागवान राजाचं. त्याची फांदी तोडली तर तोडणाऱ्याचा हात तोडायचे.

थंडी पडायला लागली तशी एक बुरडीण पाटलाच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा तिचा मागंच वारला होता. घरात म्हातारा सासरा आणि एक लहानगी लेक, ठकी. घरात म्हणायचं आपलं, घर कुठं होतं?

"पाटील, काल कोल्हं आमच्या पायाशी येऊन हुंगून गेलं," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं निजायचं कुठं तेवढं सांगा."

"बाई, मी काय करू? जमीन माझी आहे का?"

"ज्याची आहे त्याच्याकडं जा की मग. गावानं तोंड तुम्हालाच दिलंय ना? का ते नुसतं पान खायला?"

ओट्यावर बसलेले चार लोक हसले. पाटील नाही हसला. राजाकडं जायचं म्हणजे काय चेष्टा होती? पलीकडच्या एका गावचा पाटील असाच काहीतरी मागायला गेला, आणि राजानं त्याची पाटीलकीच काढून घेतली म्हणे. बायको-पोरांना घेऊन, डोक्यावर गाठोडं ठेवून तो कुठं गेला, ते कुणाला कळलं नाही. खरं-खोटं देव जाणे. पण भित्र्या माणसाला ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सारखीच.

तरी पाटील गेला. दावं ताणून का होईना, गेला.

राजाच्या वाड्यात त्याला बराच वेळ उभं ठेवलं. मग आत बोलावलं. राजा ससाण्याला मांस भरवत होता. त्यानं मान वर केली नाही. कसंबसं पाटलानं सांगितलं, नदीनं काठ खाल्ला, आळी गेली, माणसं उघड्यावर पडली, गावाच्या हातात ना जमीन ना लाकूड, मायबाप सरकारनं हात द्यावा.

राजा म्हणाला, "मी ऐकून देत नसतो. ऐकून द्यायला लागलो तर मलाच झोळी घेऊन फिरावं लागेल. माझा सुभेदार तुझ्या गावाला येईल. त्याला जेवढं दिसेल, तेवढ्याला मी देईन. दिसणार नाही, त्याला नाही."

पाटलानं मुजरा केला आणि मागं सरकायला लागला. तेवढ्यात राजानं पहिल्यांदा मान वर केली.

"आणि काय रे, माणसं उघड्यावर पडली तोवर तू काय करत होतास?"

ससाणाही त्याच्याकडंच बघत होता. पाटील पुन्हा मुजरा करून बाहेर पडला. सगळ्या वाटेनं त्याच्या डोक्यात तो एकच सवाल घुमत राहिला. राजा आधी काय म्हणाला ते कानाआड गेलं, शेवटचं तेवढं काळजात रुतलं.

गावात आल्यावर त्यानं चौगुल्याला बोलावलं. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा माणूस. हुशार होता, पण त्याची हुशारी मांजराची. दूध कुठं आहे ते बरोबर कळायचं.

सगळं ऐकून चौगुला म्हणाला, "पाटील, लेक बघायला पाहुणे येतात तेव्हा फुटकी भांडी कोण पुढ्यात मांडतं का? खोकणाऱ्या म्हातारीला आपण माजघरात बसवतो की नाही? सुभेदारानं ओवरीतली ती कुडकुडणारी पोरं बघितली, तर पहिला सवाल काय येणार? हेच ना, की तू काय करत होतास?"

"पण मदत मागितलीय ती त्यांच्यासाठीच."

"मग मागू की. नाही कोण म्हणतं? थोडी गरज दाखवायची, सगळी नाही. माझी मेहुणी घरच्यांना घेऊन पाहुणी आलीय, तिची माणसं नीटनेटकी आहेत. त्यांनाच मांडव घालून बसवतो. म्हणायचं, ही बघा सरकार, यांची घरं गेली. खरी माणसं फार दरिद्री दिसतात हो, पाटील! त्यांना बघून माणूस चिडतोच."

आता ऐकणाऱ्याला वाटेल, की काय हा वेडेपणा! ज्यांच्यासाठी हात पसरला त्यांनाच लपवायचं? पण भीती डोक्यात शिरली की वेडेपणालाच अक्कल म्हणतात. पाटलाला ते पटलं. नुसतं पटलं नाही, बरं वाटलं.

मग गाव कामाला लागलं. भिंतींना चुना, खाली गेरूचा पट्टा. रस्त्यावर सडा, दारात रांगोळ्या, वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण. चावडी तर अशी रंगवली, की डोळे दिपावेत. सुभेदार यायच्या दिवशी बिनघराच्या आळीतले धडधाकट बाप्ये लांबच्या शिवारात ज्वारी कापायला धाडले. राहिल्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. त्यांना कुठं न्यायचं? चहूकडं उघडं रान. बोरीबाभळीशिवाय आडोसा नाही. नदीकडून तर सुभेदारच येणार.

चौगुला म्हणाला, "मोठं पेव रिकामं आहे."

पेव म्हणजे काय ते ज्यांच्या गावात होतं त्यांना ठाऊक. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. वर माणूस उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट. तोंडावर दगडाची शिळा. आत धान्य वर्षानुवर्षं टिकतं, कारण आत वारा जात नाही. म्हणूनच पेव उघडलं, की आधी त्यात दिवा सोडतात. दिवा विझला तर कुणी उतरत नाही.

दिवा सोडला. तो जळत राहिला.

पाटलीणबाई ओसरीवरून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पाहुण्याला पंगत आणि लेकरांना पेव?"

"थोडाच वेळ गं. झाकण अर्धं उघडं ठेवणार आहोत. सुभेदार हिंडला-फिरला, जेवला की गेला."

बुरडीण तोंडाशी उभी राहून आत बघत होती. आत काळोख होता. तिनं ठकीचा हात घट्ट धरला. "पाटील, खरंच घरं मिळणार का यानं?"

"मिळणार. माझ्यावर विश्वास ठेव."

"पोरीला काळोखाचं भ्या वाटतं."

तिचा सासरा म्हणाला, "चल गं, मी आहे की. ठके, आजाच्या खांद्यावर बसशील का?" आणि म्हातारा सगळ्यांत आधी शिडी उतरला.

सुभेदार आला तो घोड्यावरून. अंगानं आडवा, मिशा भरघोस, बोलायला मोकळा. बरोबर दोन भालेदार. वेशीत वाजंत्र्यांनी सनई धरली, ढोल घुमला, पाच सवाष्णींनी ओवाळलं.

"वा वा पाटील!" सुभेदार मोठ्यानं हसला. "गाव आहे का लग्नघर? नवरी कुठाय?"

पाटीलही हसला.

चौगुल्यानं मांडवात बसवलेली आपली मेहुणी आणि तिची माणसं दाखवली. सुभेदारानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"यांना घर नाही?"

"नाही सरकार. नदीनं नेलं," चौगुला म्हणाला.

"नदी भली दिसतेय. घर नेलं आणि नाकातली नथ ठेवली. अरे, माझ्या बायकोपेक्षा बरं लुगडं आहे हिच्या अंगावर! बाकीची माणसं कुठायत?"

"कामावर गेलीत, सरकार."

"म्हातारीकोतारीसुद्धा?"

पाटील काही बोलणार, तोच चौगुला म्हणाला, "कष्टाळू गाव आहे आपलं."

सुभेदार चावडीकडं निघाला. तिथं त्याच्यासाठी गादी घातली होती, लोड-तक्के ठेवले होते. पण आत पाऊल टाकताच तो शिंकला, एकदा, दोनदा, डोळे चोळत बाहेर आला.

"चुन्यानं डोळे चुरचुरतात माझे. इथं कोण जेवणार? ती तिथं लिंबाची सावली झकास दिसतेय. तिथं वाढा."

लिंबाचं झाड होतं पेवाच्या चौथऱ्यावर.

गावानं पाहुण्यासाठी चुना फासला, आणि त्याच चुन्यानं पाहुणा उठून नेमका तिकडं निघाला. चौगुला गादी उचलून पुढं पळाला. पाटीलही धावला. पेवाच्या तोंडावर शिळा अर्धी सरकवलेली होती, आणि फटीतून कुणाचंतरी पोर खोकलं.

चौगुल्यानं पाटलाकडं पाहिलं. तोंडानं बोलला नाही, भुवई तेवढी उचलली. सुभेदार दहा-वीस पावलांवर आला होता. पाटलानं मान हलवली. फक्त मान हलवली, बरं का. कधी कधी माणसाच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं पाप एवढंसंच असतं.

चौगुल्यानं शिळा लोटली. ती तोंडावर नीट बसली. वर जाजम पसरलं, जाजमावर गादी आली, आणि गादीवर सुभेदार बसला.

पान मांडलं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भज्यांची ताटली. सुभेदार सावकाश जेवणारा माणूस. घास घेतला, की तो आपल्या दुखऱ्या गुडघ्याची गोष्ट सांगायचा. दुसरा घास घेतला, की आपल्या सासुरवाडीच्या तुपाची.

आणि मग खालून आवाज आला. दबका, दगडाखालून यावा तसा. ठक, ठक, ठक.

चौगुल्यानं वाजंत्र्यांना खूण केली. ढोल वाजायला लागला.

"अरे पुरे!" सुभेदार ओरडला. "लग्न लागलं की एकदाचं! जेवू द्या मला."

ढोल थांबला. ठक, ठक.

"खाली काय वाजतंय?"

"पेव आहे सरकार," चौगुला म्हणाला. "घुशी फार झाल्यात."

"पेवात धान्य आहे म्हणा की! एवढ्या घुशी धान्याशिवाय कशाला पोसाल?" सुभेदारानं पोळीवर तूप ओतून घेतलं. "पाटील, खरं सांगू? राजेसाहेबांना वाटलं होतं, इथं माणसं मरायला टेकलीत. इथं तर पेवं भरलेली, भिंती रंगवलेल्या, बायका नटलेल्या. मी जाऊन सांगतो, गाव सुखी आहे. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना देऊ."

म्हणजे बघा, जमीन गेली, लाकूडही गेलं. एका खोट्यापायी दुसरं आणि दुसऱ्यापायी तिसरं. चौगुला तरी मनात खूश होता, की पाटीलकी वाचली. पाटलाचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. तो ऐकत होता.

ठक, ठक. मग थांबून, ठक.

पाटलीणबाई आमटी वाढायला वाकल्या. वाढता वाढता नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या, "आत पोरं आहेत हो." आमटी पानाबाहेर सांडली.

पाटलाच्या डोळ्यांपुढं पलीकडच्या गावचा तो पाटील आला, डोक्यावर गाठोडं घेतलेला. आपली बायको, आपली दोन पोरं, कुणाच्यातरी ओवरीत, कुणाच्यातरी भिंतीला पाठ लावून. कोल्हं येऊन पाय हुंगतंय. आता बोललो तर राजाच्या माणसाशी खोटं बोललो हे कबूल करावं लागेल. त्याला शिक्षा काय? पाटीलकी जाईल. मानही जाईल एखाद्या वेळी. आता उठेल सुभेदार. हा घास झाला की उठेल. एवढा विडा खाल्ला की जाईल.

"थोडा ताक-भातही होऊ दे," सुभेदार म्हणाला.

आणि खालचं ठोकणं थांबलं.

इतका वेळ पाटील मनातल्या मनात म्हणत होता, थांबा रे, थोडं थांबा, ऐकू येईल. आता ते थांबलं, आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. लिंबाची पानं हलत होती. सुभेदार भात कालवत होता. खाली काही म्हणजे काही वाजत नव्हतं. पाटलानं कान टवकारले, देवाची करुणा भाकली, की वाजवा रे कुणीतरी. एकदा तरी वाजवा.

नाही वाजलं.

तेव्हा पाटील उठला. कसा उठला त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं सुभेदाराच्या दंडाला धरलं आणि ओढून बाजूला केलं. पान उडालं, ताकाचा तांब्या लवंडला. भालेदारांना वाटलं, हा जिवावर उठला. एकानं भाला रोखला, त्याचं टोक पाटलाच्या पाठीला टेकलं.

"मारायचं तर मारा," पाटील ओरडला, "पण आधी झाकण उघडू द्या! खाली माणसं आहेत!"

त्यानं जाजम फेकलं, शिळेखाली बोटं घातली. नखं फुटली. शिळा हलेना. भालेदार बघतच राहिला, मग त्यानं भाला टाकला आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावला. सुभेदारही आला, तसाच खरकट्या हातानं. शिळा सरकली.

आतून जी वाफ आली, ती उबट, ओलसर, धान्य कुजल्यासारखी. शिडीच्या वरच्या पायरीला बुरडीण लटकली होती. तिच्या हातात बांबू तासायची सुरी होती. सुरीची मूठ शिळेवर आपटून आपटून फुटली होती. तिला वर ओढली. तिच्या ओठांचा रंग बदलला होता. हवा लागताच ती मोठ्यानं श्वास ओढून खोकली आणि पहिला शब्द बोलली, "ठकी."

पाटील आत उतरला. चौथ्या-पाचव्या पायरीला त्याची छाती कोंडली. श्वास घ्यावा तर श्वासात काही नव्हतंच, नुसती ऊब. तेव्हा त्याला समजलं, की आपण ज्याला थोडा वेळ म्हणत होतो तो काय होता. त्यानं हाताला लागतील ती माणसं शिडीकडं ढकलली. वरून भालेदार ओढत होता, पाटलीणबाई ओढत होत्या, सनईवाला ओढत होता. पोरं आली, म्हाताऱ्या आल्या. लिंबाखाली माणसं आडवी पडली आणि माशासारखी तोंडं उघडून हवा गिळायला लागली.

सगळ्यांत शेवटी तो म्हातारा. भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात वर करून. खराब हवा खाली बसते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं नातीला खांद्यावर उभी करून जमेल तितकी उंच धरली होती. ठकी अर्धवट शुद्धीत होती, पण तिचा श्वास चालू होता. पाटलानं तिला घेतली, तसा म्हातारा भिंतीवरून घसरून खाली बसला, आणि त्याचा श्वास थांबला.

त्याला वर आणलं. कुणी रडलं नाही, रडायलाही छातीत हवा लागते.

सुभेदार त्या आडव्या पडलेल्या माणसांकडं वळला. मघाचा हसरा माणूस तो नव्हेच. मग त्यानं विचारलं, "ही कोण माणसं?"

"हीच ती, सरकार," पाटील म्हणाला. "यांच्यासाठीच आलो होतो राजेसाहेबांकडं."

"आणि मांडवातली?"

"ती खोटी. माणसं कामावर गेली, हे अर्धं खोटं. घुशी, हे पुरतं खोटं. झाकण मी घालायला लावलं."

चौगुला मागं मागं सरकत होता. सुभेदार त्याच्याकडं न बघताच म्हणाला, "तूही थांब."

मग पाटलाकडं वळून म्हणाला, "राजेसाहेबांनी तुला काय सांगितलं होतं रे?"

"की दिसेल तेवढ्याला देईन."

"मग? एवढं सोपं करून दिलं होतं. नुसतं दाखवायचं होतं."

"दिसण्याचीच भीती वाटली, सरकार," पाटील म्हणाला, आणि खाली बसला.

सुभेदारानं हात धुतले. तो बुरडिणीजवळ जाऊन बसला, त्या रंगवलेल्या गावात मातीत बसला, आणि म्हणाला, "बाई, तू कुठं निजतेस ते मला दाखवशील का? आत्ता नको. म्हाताऱ्याला पोचवून आल्यावर दाखव. मी थांबतो." आणि तो खरंच थांबला. त्यानं ओवरी बघितली, बाजाराचे ओटे बघितले, गावकुसाच्या भिंतीला माणसांच्या पाठींचे पडलेले डाग बघितले. ते डाग कुणी चुन्यानं झाकले नव्हते, तेवढी एक भिंत घाईत राहून गेली होती.

मग गावाची झोप उडाली. राजाचा निरोप यायचा होता. धूळ उडाली तरी लोक दचकायचे. पाटील दाराशी बसून राहायचा. कुणी म्हणायचं, सुळावर देतील. कुणी म्हणायचं, सगळं गावच उठवतील. पाटलाला मात्र नवल वाटायचं. इतके दिवस न झालेल्या गोष्टीला तो भ्यायला होता, आणि आता होणारच होतं त्याची भीती वाटेना. भीती वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. डोळे मिटले की ठोकणं ऐकू यायचं, आणि मग ते थांबायचं.

एके दिवशी स्वार आला. चावडीपुढं सगळं गाव जमलं. स्वारानं राजाचा हुकूम बोलून दाखवला. कुरणातली उंचवट्याची जमीन बिनघराच्या माणसांना दिली. रानातलं सागवान लागेल तेवढं तोडावं, हात कुणाचा तुटणार नाही. थंडी सरायच्या आत घरं उभी राहिली पाहिजेत, राजाचे सुतार मदतीला येतील.

बायकांनी एकमेकींचे हात धरले.

स्वार पुढं बोलला. पाटलाची पाटीलकी काढून घेतली. त्याचं घर त्याला ठेवलं. म्हाताऱ्याच्या घरासाठीचं लाकूड त्यानं रानातून आपल्या खांद्यावर आणावं. चौगुल्यानं तर नवं पागोटं रंगवून ठेवलं होतं, की आता पाटीलकी कुणाला मिळणार, आपल्यालाच! त्याला गावच सोडायला सांगितलं. मेहुणीच्या घरी गेला म्हणतात, नाहीतरी तिची माणसं नीटनेटकी होती.

पाटील रोज रानात जायचा. खांद्यावर सागवानाचे वासे घेऊन उंचवटा चढायचा. खांदा सोलला, त्याला घट्टे पडले. आढं चढलं, छप्पर झालं, बुरडिणीनं दारात माती लिंपली. शेवटचा वासा टाकून पाटील दाराशी उभा राहिला. घामानं चिंब झाला होता, घसा कोरडा पडला होता. आत चूल पेटली होती, आणि ठकी उजेडात बसून बांबूच्या कांबींशी खेळत होती.

बुरडीण तांब्या भरून बाहेर आली. पाटलानं हात पुढं केला.

ती म्हणाली, "तुम्ही झाकण उघडलंत, म्हणून पाणी देते. तुम्हीच ते घातलं होतंत, म्हणून बसायला पाट देत नाही."

पाटलानं मान खाली घातली. त्यानं ते पाणी उभ्यानंच प्यायलं, सगळं प्यायलं, तांब्या पालथा घालून उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि उंचवटा उतरून घरी गेला.

ऐकलंत ना? मग तात्पर्य एवढंच ध्यानात ठेवा: ज्यांच्यासाठी हात पसरला, त्यांनाच लाजेपायी झाकू नये. आपली अब्रू वाचवायला घातलेलं झाकण कुणाच्यातरी श्वासावर बसतं.